मद्रासमधील वृत्तपत्रे आणि नागरिक वार्ताहर (१८७८ ते २०१५)

प्रस्तावना

२ डिसेंबर २०१५ रोजी चेन्नईतील वाचकांच्या हाती 'द हिंदू' या वृत्तपत्राचा अंक पडला नाही. आदल्या दिवसाच्या अतिवृष्टीने रस्ते पाण्याखाली गेले होते. शहराबाहेर मराईमलाई नगर येथे असलेल्या छापखान्यापर्यंत कामगार पोहोचू शकले नाहीत. १८७८ मध्ये पत्र सुरू झाल्यापासून अशा कारणाने अंक न निघण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याच रात्री शहरातील हजारो सामान्य माणसे मोबाइलवरून एकमेकांना कळवत होती की कोणत्या गल्लीत किती पाणी आहे, कोठे होडी हवी आहे आणि कोणत्या शाळेत निवारा मिळेल. यांपैकी बहुतेकांनी पत्रकारितेचे कोणतेही शिक्षण घेतलेले नव्हते.

या प्रसंगावरून एक प्रश्न नेहमी विचारला जातो. अप्रशिक्षित नागरिक बातमी देऊ लागल्यावर व्यावसायिक पत्रकारांची गरज उरते का? उलट बाजूने असेही विचारले जाते की ज्याला शहानिशा करण्याची सवय नाही, त्याच्या बातमीवर विश्वास कसा ठेवायचा? या पाठात आपण मद्रासच्या, म्हणजेच आजच्या चेन्नईच्या, सुमारे १४० वर्षांच्या इतिहासाच्या आधारे या प्रश्नांचा विचार करू. तुलनेसाठी महाराष्ट्रातील काही उदाहरणेही घेऊ.

१. एक रुपया बारा आण्यांचे वृत्तपत्र

मद्रासमध्ये पहिले वृत्तपत्र १७८५ साली निघाले. त्याचे नाव 'मद्रास कुरिअर'. पुढील शंभर वर्षे शहरातील प्रमुख इंग्रजी पत्रे इंग्रजांच्याच मालकीची होती. १८६८ मध्ये सुरू झालेले 'मद्रास मेल' हे त्यांपैकी एक. या पत्रांकडे भांडवल होते, छापखाने होते आणि अनुभवी संपादक होते. त्या काळाच्या मानाने हीच 'व्यावसायिक' पत्रकारिता होती.

टी. मुत्तुस्वामी अय्यर यांची मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. त्या न्यायालयाचे ते पहिले भारतीय न्यायाधीश. इंग्रजांच्या पत्रांनी या नेमणुकीवर टीका केली. तिला उत्तर द्यावे, तर भारतीयांच्या हातात इंग्रजी पत्र नव्हते. तेव्हा ट्रिप्लिकेन भागातील सहा तरुण एकत्र आले. जी. सुब्रमण्य अय्यर आणि एम. वीरराघवाचारियार हे दोघे शिक्षक होते व उरलेले चार कायद्याचे विद्यार्थी होते. त्यांनी एक रुपया बारा आणे उसने घेतले, दुसऱ्याच्या छापखान्यात ८० प्रती छापून घेतल्या आणि २० सप्टेंबर १८७८ रोजी 'द हिंदू' या साप्ताहिकाचा पहिला अंक काढला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. या सहा जणांपैकी कोणीही पत्रकारिता शिकलेला नव्हता, कारण ती शिकवणारी संस्थाच देशात नव्हती. आजच्या भाषेत बोलायचे तर ते नागरिक वार्ताहरच होते. चालू पत्रे जे सांगत नव्हती ते सांगण्यासाठी त्यांनी लेखणी उचलली. चौघे विद्यार्थी लवकरच वकिलीकडे वळले. दोघे शिक्षक मात्र टिकून राहिले. १८८३ मध्ये पत्र आठवड्यातून तीनदा निघू लागले आणि १८८९ मध्ये ते दैनिक झाले. हौशी प्रयत्नाची संस्था व्हायला अकरा वर्षे लागली.

सुब्रमण्य अय्यर यांना पुढे आपल्या पत्राची मर्यादाही जाणवली. इंग्रजी वाचणारे लोक मूठभर होते. म्हणून १८८२ मध्ये त्यांनी 'स्वदेशमित्रन' हे तमिळ पत्र सुरू केले आणि १८९८ मध्ये 'द हिंदू' सोडून पूर्ण लक्ष त्याकडे दिले.

महाराष्ट्रातही हेच दिसते. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले, तेव्हा मराठीत अनुकरण करावे असे वृत्तपत्रच नव्हते. १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात 'लोकहितवादी' या नावाने शतपत्रे लिहिणारे गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरीत होते. वाचकाने पत्र लिहावे आणि ते संपादकीयाहून अधिक गाजावे, हा अनुभव मराठी समाजाला तेव्हापासूनचा आहे.

२. संस्थेत ज्यांना जागा नव्हती

हौशी लोकांनी सुरू केलेले पत्र प्रतिष्ठित झाले की त्यालाही कडा येतात. कोणाचे दुःख बातमी ठरते आणि कोणाचे ठरत नाही, हे आतली माणसे ठरवू लागतात. मद्रासमध्ये 'द हिंदू' निघून पंधरा वर्षे झाली होती, तेव्हा १८९३ मध्ये रेट्टमलै श्रीनिवासन यांनी 'परैयन' हे तमिळ पत्र काढले. ज्या जातीच्या नावाने लोकांना हिणवले जाई, तेच नाव त्यांनी पत्राला दिले. १९०७ मध्ये अयोध्यादास पंडित (तमिळमध्ये अयोत्तिदास) यांनी 'ओरु पैसा तमिळन', म्हणजे 'एक पैशाचा तमिळ माणूस', हे साप्ताहिक सुरू केले. पंडित पारंपरिक सिद्ध वैद्यकाचे जाणकार होते. त्यांनीही कोणत्या वृत्तपत्र कचेरीत उमेदवारी केली नव्हती.

मुंबईत ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केले. त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही, हे तुम्हांला ठाऊक असेल. 'केसरी' स्वतः १८८१ मध्ये काही तरुण शिक्षकांनीच सुरू केलेले पत्र होते. चाळीस वर्षांत ते इतके प्रस्थापित झाले होते की नव्या पत्राला त्याच्या दारात जागा नव्हती.

या उदाहरणांवरून पहिला निष्कर्ष निघतो. अप्रशिक्षित वार्ताहर बहुतेक वेळा तेथे उभा राहतो, जेथे चालू वृत्तपत्रे गप्प असतात. त्याच्या लेखनाचे मोल ठरवताना 'त्याने काय शिकले आहे' याबरोबरच 'तो जे सांगतो आहे ते इतर कोणी सांगत होते का' हेही विचारले पाहिजे.

३. शहानिशा न करण्याची किंमत

आता दुसरी बाजू पाहू. 'केसरी' व 'मराठा' सुरू होऊन वर्ष झाले होते. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे हे तेथील तरुण महाराजांचा छळ करीत आहेत, असा आरोप करणारी पत्रे टिळक व आगरकर यांच्या हाती आली. त्यांच्या आधारे दोन्ही पत्रांत मजकूर छापला गेला. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पत्रे बनावट असल्याचे खटल्यात उघड झाले. दोन्ही संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी जुलै १८८२ मध्ये त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले.

लोकांनी दोघांकडे वीर म्हणून पाहिले आणि त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारणही नाही. पण पत्रकारितेचे विद्यार्थी म्हणून आपण निराळा प्रश्न विचारला पाहिजे. कागद कोणी दिला? त्याला तो कोठून मिळाला? तोच मजकूर दुसऱ्या स्वतंत्र मार्गाने पडताळता आला असता का? हेतू चांगला असला म्हणून कागद खरा ठरत नाही. आज एखादा फोटो 'आमच्याच गावातला आहे' म्हणून पुढे पाठवणाऱ्या माणसाची चूक याच जातीची असते. फरक एवढाच की त्या दोघांनी मजकुराखाली आपली नावे ठेवली होती. त्यामुळे जबाब द्यायला कोणीतरी होते.

४. प्रशिक्षण म्हणजे काय?

पत्रकारितेचे शिक्षण भारतात सुरू झाले ते मद्रासमध्येच. १९२० मध्ये ॲनी बेझंट यांनी अड्यार येथील नॅशनल युनिव्हर्सिटीत पत्रकारितेचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यांच्या 'न्यू इंडिया' या दैनिकात विद्यार्थ्यांना कामाचा अनुभव मिळे. पुढे १९४७ मध्ये मद्रास विद्यापीठात पत्रकारितेचे अध्यापन सुरू झाले. २००० पासून एशियन कॉलेज ऑफ जर्नलिझम चेन्नईत आहे. या काळात कायद्यानेही पत्रकार हा वेगळा व्यवसाय मानला. १९५५ मध्ये श्रमिक पत्रकारांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला आणि १९६६ मध्ये प्रेस कौन्सिलची स्थापना झाली.

पण पत्रकारिता करण्यासाठी परवाना लागत नाही. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, बातमीदाराला तसे काही लागत नाही. याचे कारण संविधानात आहे. अनुच्छेद १९(१)(क) मध्ये अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य 'नागरिकांना' दिले आहे. 'वृत्तपत्र' हा शब्द तेथे नाही. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये यावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी सांगितले की वृत्तपत्राला नागरिकाहून निराळा असा खास हक्क नाही. संपादक लिहितो तेव्हा तो नागरिक म्हणून आपलाच हक्क वापरत असतो.

या कलमाची पहिली मोठी कसोटीही मद्रासशी जोडलेली आहे. मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या राज्यात येण्यास बंदी केली. त्याचे संपादक रोमेश थापर सर्वोच्च न्यायालयात गेले. मे १९५० मध्ये न्यायालयाने बंदी रद्द केली आणि विचारांचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य हे अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे असे ठरवले. म्हणजे हक्काच्या बाबतीत मोबाइल हातात असलेला नागरिक आणि मोठ्या दैनिकाचा संपादक समान आहेत. बंधनेही दोघांना समान आहेत. अब्रुनुकसानीचा कायदा कोणालाच सोडत नाही.

मग प्रशिक्षणाने काय मिळते? तीन गोष्टी मिळतात: छापण्यापूर्वी पडताळण्याची सवय, चूक झाल्यास ती जाहीरपणे दुरुस्त करण्याची पद्धत आणि आजची बातमी संपल्यावरही त्या विषयाच्या मागे राहण्याची सोय. तिसरी गोष्ट बहुतेकदा एकट्या व्यक्तीला परवडत नाही. त्यासाठी पगार देणारी कचेरी, वकील आणि जुने कात्रणसंग्रह लागतात.

५. त्सुनामी, डिसेंबर २००४

२६ डिसेंबर २००४ हा रविवार होता. सकाळी नऊच्या सुमारास त्सुनामीची लाट चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर आली. त्या वेळी तेथे फिरायला आलेली माणसे, क्रिकेट खेळणारी मुले आणि कोळी लोक होते. वृत्तवाहिन्यांचे प्रतिनिधी अर्थातच नव्हते. जगभर दाखवली गेलेली त्या दिवसाच्या लाटांची बहुतेक चित्रे पर्यटकांनी व रहिवाशांनी आपल्या साध्या कॅमेऱ्यांनी टिपलेली आहेत. त्याच दिवशी मुंबईतील काही जणांनी मदतीची माहिती एकत्र करणारे संकेतस्थळ इंटरनेटवर सुरू केले. अनेक देशांतले स्वयंसेवक त्याला जोडले गेले. नागरिक पत्रकारितेच्या अभ्यासात त्याचा आजही उल्लेख होतो. चार वर्षे आधी, म्हणजे २००० मध्ये, दक्षिण कोरियात 'ओह माय न्यूज' या वृत्तसंस्थळाने प्रत्येक नागरिक हा वार्ताहर आहे असे घोषवाक्य घेऊन काम सुरू केले होते. त्सुनामीने ती कल्पना भारतीयांना प्रत्यक्ष दाखवली.

मात्र चार दिवसांनी काय घडले तेही पाहा. ३० डिसेंबर रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने पुन्हा लाटा येण्याचा इशारा दिला. त्याला आधार होता एका परदेशी खासगी संस्थेच्या अंदाजाचा. वाहिन्यांनी इशारा तत्काळ प्रसारित केला. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लोक जीव घेऊन पळाले आणि मदतकार्य थांबले. नागपट्टिनम जिल्ह्यात सुमारे सहा हजार माणसे नुकतीच मरण पावली होती, त्यामुळे तेथील भीतीची कल्पना करता येते. त्याच दिवशी केंद्रीय विज्ञान मंत्र्यांनी हा अंदाज निराधार असल्याचे सांगितले. येथे अफवा अधिकृत मार्गाने आली आणि प्रशिक्षित लोकांनी पसरवली. म्हणून 'नागरिक म्हणजे अफवा आणि वृत्तसंस्था म्हणजे सत्य' अशी सरळ विभागणी करता येत नाही.

६. महापूर, २०१५

नोव्हेंबर २०१५ मध्ये चेन्नईत १,०४९ मिलिमीटर पाऊस झाला. १९१८ नंतर कोणत्याही नोव्हेंबरमध्ये एवढा पाऊस झाला नव्हता. १ डिसेंबरला पुन्हा अतिवृष्टी झाली. शहराच्या पश्चिमेकडील चेंबरंबाक्कम तलावातून त्या रात्री २९,००० क्युसेकपर्यंत पाणी अड्यार नदीत सोडले गेले आणि नदीकाठचे भाग बुडाले. विमानतळ बंद पडला. अनेक भागांत वीज आणि फोनही गेले.

या दिवसांत नागरिकांनी जे केले त्याचे तीन प्रकार करता येतात. पहिला, माहितीची देवाणघेवाण: निवारे, अन्न, होड्या व डॉक्टर यांच्या याद्या सामायिक तक्त्यांत भरल्या जात होत्या. दुसरा, नकाशा: कोणता रस्ता पाण्याखाली आहे हे लोकांनी स्वतः खुल्या नकाशावर नोंदवले. इतक्या गल्ल्यांत एकाच वेळी बातमीदार पाठवणे कोणत्याही दैनिकाला शक्य झाले नसते. तिसरा, शहानिशा: एकच विनंती दहा वेळा फिरत असे, म्हणून स्वयंसेवक दिलेल्या क्रमांकावर फोन करून ती अजून खरी आहे का हे विचारत आणि मदत पोहोचली असेल तर नोंद काढून टाकत. हे काम त्यांना कोणी शिकवले नव्हते. गरजेतून ते शिकले, आणि जे शिकले ते वृत्तपत्र कचेरीतील उपसंपादकाचेच काम होते.

अफवाही पसरल्या. मद्रास क्रोकोडाइल बँकेतून मगरी सुटल्याचा संदेश घरोघरी गेला. संस्थेला तो खोटा असल्याचे जाहीर करावे लागले. अमेरिकेच्या 'नासा'ने आणखी भयंकर पावसाचे भाकीत केले आहे, असाही एक संदेश फिरत होता. त्यालाही आधार नव्हता. आणि याच आठवड्यात सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने पंतप्रधानांच्या हवाई पाहणीचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. विमानाच्या खिडकीत दिसणारे दृश्य दुसऱ्या चित्रातून जोडलेले आहे, हे सामान्य वाचकांनी ओळखले. कार्यालयाने ते चित्र मागे घेतले आणि दोन चित्रे एकत्र केली गेल्याचे मान्य केले.

हवामानाच्या बातम्यांत तर चेन्नईने एक वेगळाच नमुना दिला. 'तमिळनाडू वेदरमन' या नावाने लिहिणारे प्रदीप जॉन हे हवामानशास्त्राचे पदवीधर नाहीत. त्यांची नोकरी दुसऱ्याच क्षेत्रात. पण पर्जन्यमापकांच्या जुन्या नोंदी आणि रडारची चित्रे समजावून सांगत ते स्थानिक भाषेत अंदाज देतात आणि अफवा खोडून काढतात. लाखो लोक त्यांना वाचतात. पदवीपेक्षा आधार दाखवण्याच्या सवयीमुळे त्यांना हा विश्वास मिळाला.

आता एक प्रश्न उरतो, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. पाणी कोठे आले हे नागरिकांनी सांगितले. पण ते इतके का आले? तलावातून आधी थोडे थोडे पाणी का सोडले नाही? कोणत्या तासाला किती पाणी येत होते आणि किती सोडले जात होते? याचे उत्तर मोबाइलच्या चित्रात नव्हते. ते खात्याच्या नोंदवह्यांत होते. पत्रकारांनी हा विषय पूर ओसरल्यावरही लावून धरला. पुढे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे 'कॅग'ने, तपासणी केली. जुलै २०१८ मध्ये तमिळनाडू विधानसभेत मांडलेल्या अहवालात ही आपत्ती मानवनिर्मित असल्याचा ठपका ठेवला गेला. पुरापासून अहवालापर्यंत अडीच वर्षांहून अधिक काळ गेला. एवढा काळ एका प्रश्नामागे राहायला संस्था लागते.

७. निष्कर्ष

१८७८ चे सहा तरुण आणि २०१५ चे स्वयंसेवक यांच्यात साम्य आहे. दोघेही न शिकता या कामात उतरले, कारण सांगायलाच हवे असे काही त्यांच्यापाशी होते. दोघांच्या वाट्याला तेच ओझे आले: जे सांगतो ते खरे आहे का हे पाहणे आणि चुकले तर जबाब देणे. 'प्रशिक्षित' आणि 'अप्रशिक्षित' हे दोन कायमचे वर्ग नाहीत. हे ओझे जो उचलतो तो पत्रकार होत जातो आणि जो खाली ठेवतो तो मोठ्या दैनिकात असला तरी पत्रकार राहत नाही.

तरीही दोघांची कामे एक नाहीत. साक्षीदार आपल्या गल्लीपुरते, त्या क्षणाचे, कोणाहीपेक्षा चांगले सांगू शकतो. कारणे शोधणे, कागद मागणे, सत्तेला वर्षानुवर्षे प्रश्न विचारणे हे संस्थेचे काम आहे. साक्षीदार नसेल तर संस्थेला पूर दिसत नाही. संस्था नसेल तर साक्षीदाराचा प्रश्न पूर ओसरताच विसरला जातो. आज जाहिरातींचे उत्पन्न घटल्याने दैनिके वार्ताहर कमी करतात आणि नागरिकांची चित्रे फुकट वापरतात. त्यामुळे दुसरा धोका अधिक मोठा आहे.

तुमच्या गावात किंवा शहरात उद्या काही घडले, तर पहिले चित्र कदाचित तुम्हीच काढाल. तो तुमचा संविधानिक हक्क आहे. मात्र पाठवण्यापूर्वी ठिकाण आणि वेळ लिहा. स्वतः पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवा. चूक कळली तर ज्यांना बातमी पाठवली त्या सर्वांना दुरुस्तीही पाठवा. एवढे केले तरी तुम्ही १८८२ च्या दोन संपादकांहून एक पाऊल अधिक सावध असाल.

स्वाध्याय

१. 'द हिंदू'च्या स्थापनेमागील कारणे सांगून तिला नागरिक पत्रकारितेचे उदाहरण म्हणता येईल का, याची चर्चा करा.

२. 'परैयन', 'ओरु पैसा तमिळन' आणि 'मूकनायक' या पत्रांच्या उदयामागील समान कारण स्पष्ट करा.

३. ३० डिसेंबर २००४ चा इशारा आणि २०१५ मधील मगरींची अफवा यांची तुलना करा. प्रत्येक वेळी शहानिशा कोणत्या टप्प्यावर करता आली असती?

४. तुमच्या परिसरातील एका अलीकडच्या घटनेची बातमी नागरिकांनी कशी दिली आणि स्थानिक वृत्तपत्राने कशी दिली, ते शोधा. कोणत्या प्रश्नांची उत्तरे दोघांनीही दिली नाहीत, त्याची यादी करा.